सोलला राहायला जाताय? कचऱ्याची पिशवी कुठे घ्यायची आणि तिच्यात काय टाकायचं

इंदूरच्या घरात वाढलेल्याला ओला-सुका वेगळा करायला शिकवावं लागत नाही. सोलमध्ये अडतं ते पिशवीपाशी. आपल्याकडे कचऱ्याचं शुल्क महिन्याचं ठरलेलं असतं. डबा अर्धा असो की ओसंडून वाहणारा. दक्षिण कोरियात १ जानेवारी १९९५ पासून घरच्या कचऱ्याचे पैसे आकारमानावर घेतात आणि ते पिशवीच्या किमतीतूनच वसूल होतात. वेगळे काढलेले कागद, काच, पत्र्याचे डबे आणि प्लास्टिक मात्र फुकट नेतात. त्यामुळे जितकं नीट वेगळं कराल, तितक्या पिशव्या कमी लागतील.

या पिशवीला जोंगन्यांगजे बोंगतू म्हणतात. ती घ्यायला अर्ज, ओळखपत्र काहीच लागत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात किंवा सुपरमार्केटच्या गल्ल्यावर लिटर सांगून मागायची. सोलमध्ये २५ 'गू' (आपल्या झोनसारखे प्रशासकीय विभाग) आहेत आणि पिशवीवर गूचं नाव छापलेलं असतं. तुमच्या गूचीच घ्या. २० लिटरची पिशवी बहुतेक ठिकाणी ४९० वॉनला, म्हणजे साधारण ३० रुपयांना पडते. एकट्याने राहणाऱ्याने ५ किंवा १० लिटरचीच घ्यावी, मोठी भरेपर्यंत खोलीत वास सुटतो. सुपरमार्केटात सामान न्यायलाही हीच पिशवी मागता येते. घरी आल्यावर ती कचऱ्याला वापरा.

घर बदलून दुसऱ्या गूमध्ये गेलात तर उरलेल्या पिशव्या फेकू नका. परदेशी नागरिकाचं नोंदणीकार्ड घेऊन नव्या पत्त्याच्या दोंग (गूच्या आतला, वॉर्डासारखा छोटा विभाग) कार्यालयात जा, पत्ताबदल नोंदवा आणि तिथेच पिशव्यांवर लावायचे स्टिकर मागा. किती पिशव्यांना स्टिकर द्यायचे ते प्रत्येक गू ठरवतो. मोफत पिशव्या मुख्यतः सरकारी निर्वाह-मदत घेणाऱ्या कुटुंबांना मिळतात. विद्यार्थी त्यात बसत नाहीत.

आपली माणसं सगळ्यात जास्त चुकतात ती ओल्या कचऱ्यात. इंदूरला चहाचा चोथा, कांद्याची सालं, अंड्याची टरफलं डोळे मिटून ओल्यात जातात. सोलमध्ये हे तिन्ही गूच्या विकतच्या पिशवीत टाकायचे. आंब्याची कोय, नारळाची करवंटी, हाडं, शिंपल्याही तिथेच. कारण तिथे अन्नकचऱ्याचं पशुखाद्य आणि खत होतं, म्हणून जनावर खाऊ शकेल तेवढंच अन्नकचरा धरतात. शिळा भात, पोळी, भाजीचे देठ, कलिंगडाची साल (बारीक चिरून) चालेल. अन्नकचऱ्यातलं पाणी आधी गाळून काढा, कारण पुष्कळ इमारतींत तो वजनावर मोजतात: कार्ड टेकवलं की यंत्राचं झाकण उघडतं, आत टाकलेलं तोललं जातं आणि पैसे महिन्याच्या देखभाल बिलात लागतात. पाण्याचं वजनही तुमच्याच नावावर पडतं. यंत्र नसेल तिथे अन्नकचऱ्याची वेगळी पिशवी किंवा डबा असतो; घरमालकाला पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

रंग नसलेली पाण्याची प्लास्टिक बाटली बाकीच्या प्लास्टिकमध्ये घालू नका. रिकामी करायची, लेबल सोलायचं, दाबून चपटी करायची, झाकण लावायचं आणि तिच्या वेगळ्या पोत्यात टाकायची. तेलकट डबा धुतला नाही तर त्याची जागा गूच्या विकतच्या पिशवीत.

पिशवीला वरून टेप लावून उंची वाढवू नका. पुष्कळ ठिकाणी १०० लिटरच्या पिशव्या बंद केल्या, त्या उचलून कामगारांच्या पाठी जायबंदी होत होत्या म्हणून. तेव्हा भारही बेताचाच ठेवा. बंगलीवजा घरांत पिशवी नेमलेल्या वारी संध्याकाळनंतर दाराबाहेर ठेवायची असते. वार आणि वेळ गूच्या पत्रकात पाहा. दुकानाच्या साध्या पिशवीत ठेवलेला कचरा उचलत नाहीत. दंडाची कायदेशीर कमाल मर्यादा १० लाख वॉन आहे.

गादी, खुर्ची, चाक तुटलेली सुटकेस पिशवीत घालायची नाही. गूच्या संकेतस्थळावर किंवा दोंग कार्यालयात वस्तू आणि माप नोंदवा, पैसे भरा, मिळालेला क्रमांक कागदावर ठळक लिहून वस्तूवर चिकटवा आणि सांगितलेल्या दिवशी, सांगितलेल्या जागी ठेवा. फ्रीज, टीव्ही, वॉशिंग मशीनसाठी पैसे भरू नका. १५९९-०९०३ वर नोंदवलं की घरी येऊन फुकट नेतात. नुसत्या छोट्या वस्तू, म्हणजे मिक्सर किंवा इस्त्री, असतील तर पाच जमल्यावर बोलवा.