मोहल्ला समिती (मुंबई)

एकाच पोलीस ठाण्याच्या हद्दीतल्या निरनिराळ्या धर्मांच्या रहिवाशांनी पोलिसांसोबत नियमित बसायचे आणि कुरबुरीची दंगल होण्याआधी बोलून घ्यायचे, अशी ही व्यवस्था. मुंबईत ती १९९४ पासून उभी राहिली.

६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येत बाबरी मशीद पाडल्यावर मुंबईत डिसेंबर आणि जानेवारीत दंगली झाल्या. या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार त्यांत ९०० माणसे मेली. मुस्लिम वस्त्यांचा पोलिसांवरचा विश्वास पार उडाला. भिवंडी मात्र त्या दिवसांत शांत राहिली. १९८४च्या दंगलीत होरपळलेल्या या यंत्रमागांच्या गावात पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८नंतर मोहल्ल्या-मोहल्ल्यांत समित्या बांधल्या होत्या. त्यांत पुढाऱ्यांपेक्षा साध्या रहिवाशांवर भर होता. मुंबईत तत्कालीन पोलीस आयुक्त सतीश साहनी, माजी आयुक्त ज्युलिओ रिबेरो आणि कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांनी हे काम हाती घेतले.

सणावारी ठाण्यात भरणारी शांतता समिती वेगळी. तिथे नेहमीची वजनदार मंडळी येतात, साहेबांचे भाषण ऐकतात, चहा पिऊन उठतात. मोहल्ला समितीचा कस लागतो तो ऐकण्यात. ‘दुकान जळत होतं तेव्हा तुम्ही कुठे होतात?’ असे कुणी शेजाऱ्याला किंवा हवालदाराला तोंडावर विचारले, तर ‘झालं गेलं विसरा’ म्हणून त्याला गप्प करायचे नाही. बोलणाऱ्याला पुरते बोलू द्यायचे, मग दुसऱ्या बाजूचे ऐकायचे. दोषी कोण, याचा निवाडा तिथे करायचा नाही. सांगायला सोपे, पाळायला महाकठीण. म्हणूनच नळाला पाणी येत नाही, गटार तुंबले, असे विषय फार उपयोगी पडतात. त्यांवर भांडताना दोन्हीकडचे लोक, विशेषतः बायका, एकाच बाजूला येतात.

याचा खरा उपयोग अफवेच्या वेळी होतो. अमुक ठिकाणी मूर्ती फोडली, तमुक मशिदीत काही टाकले, अशी कुजबुज सुरू झाली की ओळखीच्या माणसाला फोन लावता येतो, दोघांनी मिळून जाऊन डोळ्यांनी पाहून येता येते. आधीची ओळख नसेल तर त्या घडीला फोन करायचा कुणाला?

धारावीत भाऊ कोरडे आणि वकार खान या जोडीने हे काम बैठकीबाहेर नेले. वेगवेगळ्या धर्मांच्या वेशांतल्या लहान मुलांचे ‘हम सब एक हैं’ हे त्यांचे पोस्टर गाजले. पोलीस आणि वस्तीतली पोरे यांचे क्रिकेट सामनेही समित्यांनी भरवले.

समितीची मर्यादाही उघड आहे. ती न्यायालय नाही. आयोगाचा अहवाल १९९८ मध्ये आला, पण त्यात ठपका असलेल्यांपैकी फार थोड्यांना शिक्षा झाली. ‘आमच्या केसचं काय झालं?’ या प्रश्नाला समितीकडे उत्तर नसते, आणि ते देण्याचा आव तिने आणूही नये.