कोबाल्टच्या जागी लोखंड

लिथियम-आयन बॅटरीचे सारे श्रेय आपण लिथियमला देत असलो, तरी तिचे व्होल्टेज, क्षमता आणि सुरक्षितता बऱ्याच अंशी कॅथोड ठरवतो. बॅटरी वापरात असताना लिथियमचे आयन ज्या घन पदार्थात शिरतात आणि चार्जिंगच्या वेळी ज्यातून बाहेर पडतात, तो हा कॅथोड.

१९८० मध्ये ऑक्सफर्ड येथे जॉन गुडइनफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचा कॅथोड वापरून सुमारे ४ व्होल्ट मिळवले. १९९१ मध्ये सोनीने बाजारात आणलेली बॅटरी याच पदार्थावर आधारलेली होती. त्यात कोबाल्ट-ऑक्सिजनच्या थरांमध्ये लिथियम वसलेले असते. मात्र निम्म्याहून अधिक लिथियम काढले की रचना बिघडू लागते, त्यामुळे प्रतिग्रॅम २७४ मिलिअँपिअर-तास या सैद्धांतिक क्षमतेपैकी साधारण १४० पदरात पडतात. शिवाय अशी चार्ज झालेली बॅटरी फार तापली, तर कॅथोडमधून ऑक्सिजन सुटतो, आणि शेजारी ज्वालाग्राही इलेक्ट्रोलाइट, म्हणजे आयनांची ने-आण करणारा द्रव, असतोच.

लोखंड स्वस्त आणि मुबलक आहे, पण त्याचे साधे ऑक्साइड अडीच व्होल्टही देत नाही. १९८०च्या दशकात गुडइनफ यांच्यासोबत काम करताना तमिळनाडूत जन्मलेल्या अरुमुगम मंथिरम यांनी दाखवले, की लोखंडाच्या सल्फेटमध्ये हेच व्होल्टेज ३.६ पर्यंत जाते. सल्फेटमधील गंधक ऑक्सिजनचे इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढते, त्यामुळे ऑक्सिजनची लोखंडावरील पकड सैल होते, लोखंडातील इलेक्ट्रॉनची ऊर्जापातळी खाली सरकते आणि व्होल्टेज वाढते. धातू तोच ठेवून केवळ त्याचा शेजार बदलण्याची ही युक्ती मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत देखणी वाटते.

त्याच वाटेने गुडइनफ यांच्या टेक्सासमधील प्रयोगशाळेत लिथियम आयर्न फॉस्फेट पुढे आले आणि १९९७ मध्ये त्यावरील शोधनिबंध प्रसिद्ध झाला. यात ३.४ व्होल्ट मिळतात, आणि फॉस्फरसने ऑक्सिजन इतका घट्ट धरलेला असतो की तापल्यावरही तो सहजी सुटत नाही. पण हा पदार्थ विजेचा अगदीच मंद वाहक; कणांचा आकार सूक्ष्म करून त्यांवर कार्बनचा पातळ लेप दिल्यावरच तो खऱ्या अर्थाने कामाचा झाला. आता प्रतिग्रॅम १७० या सैद्धांतिक क्षमतेच्या जवळ जाता येते, तरी व्होल्टेज कमी असल्याने तेवढ्याच ऊर्जेसाठी निकेलयुक्त कॅथोडच्या तुलनेत बॅटरी जड होते.

त्याचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे बॅटरी उतरत असताना व्होल्टेज बराच काळ जवळजवळ स्थिर राहते, आणि म्हणून नुसत्या व्होल्टेजवरून उरलेल्या चार्जचा अंदाज बांधणे कठीण जाते. अशी बॅटरी असलेली मोटार अधूनमधून पूर्ण १०० टक्के चार्ज करण्याचा सल्ला दिला जातो, तो गाडीला हा हिशोब पुन्हा जुळवता यावा म्हणून.