खरी स्मिता कोणती? नाशिकमधल्या एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

स्मिता पाटीलचा विषय निघाला की नाशिकमध्ये दोन मिनिटांत तट पडतात. एक जण ‘उंबरठा’चं नाव घेतो, दुसरा ‘नमक हलाल’मधलं पावसातलं गाणं काढतो, तेवढ्यात कुणीतरी ‘जैत रे जैत’मधली चिंधी पुढे आणतं. हे बोलणारे समीक्षक नसतात. सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, शाळेत शिकवणाऱ्या, बँकेत काउंटरवर बसणारे, सिडकोतल्या घरात दुपारी टीव्हीसमोर भाजी निवडणाऱ्या, अशी ही साधी माणसं. पण मतं ठाम, आणि एकमेकांपासून इतकी लांब की ही सगळी एकाच अभिनेत्रीबद्दल बोलतायत का, असा प्रश्न पडावा. माझ्या मते याचं कारण तिच्या अभिनयात कमी आहे. कुणी तिचा कोणता चित्रपट आधी पाहिला आणि कुठे बसून पाहिला, यात जास्त आहे.

पडद्यावरची बाई कशी दिसते, यावर बोलण्याचा नाशिकचा हक्क तसा जुना. त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी पहिला चित्रपट मुंबईत केला, तेव्हा तारामती व्हायला बाई मिळाली नाही. ती भूमिका अण्णा साळुंके यांनी केली. पुढे १९१३ मध्येच फाळके नाशिकला आले आणि ‘मोहिनी भस्मासूर’मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या, त्यांची मुलगी कमलाबाई मोहिनी. भारतीय चित्रपटातल्या या पहिल्या अभिनेत्री. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये मात्र साळुंकेच राम आणि साळुंकेच सीता. एकाच माणसाची दोन कामं ताडून पाहायची संधी प्रेक्षकाला मिळाली ती तेव्हापासून.

स्मिताकडे येताना आधी खानदेश लागतो. तिचा जन्म १७ ऑक्टोबर १९५५ चा, पुण्याचा. पण वडील शिवाजीराव पाटील धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरचे. नाशिकच्या औद्योगिक वसाहतीत, ओझरच्या विमान कारखान्यात, सिडकोच्या चाळवजा घरांत धुळे-जळगावकडची कितीतरी कुटुंबं येऊन स्थिरावली. घरात अहिराणी बोलणाऱ्या या लोकांसाठी ती ‘आपली पोरगी’ आहे, तिचे चित्रपट त्यानंतर. या गटाचं मत म्हणूनच सगळ्यात हळवं. ‘तिचा वाईट चित्रपट दाखव’ असं त्यांना म्हणून बघावं! सावळा रंग, मोठे डोळे, कपाळावर मेकअपचा थर नाही, असा चेहरा पडद्यावर नायिका म्हणून उभा राहिला याचं त्यांना जे वाटतं, ते नटीच्या चाहत्याला वाटतं त्याहून वेगळं असतं. माझ्या लेखी हे मत हिशेबात धरायलाच हवं. त्या काळी नायिका म्हणजे गोरी, हे इतकं गृहीत होतं की या चेहऱ्याने काय मोडलं ते आजच्या पोरांना समजावून सांगावं लागतं.

तिच्या कामाचा क्रम असा. मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या देणारी ही मुलगी दिग्दर्शक श्याम बेनेगल यांच्या नजरेत आली. ‘निशांत’ १९७५ चा, ‘मंथन’ १९७६ चा. १९७७ साली ‘भूमिका’ आणि ‘जैत रे जैत’ हे दोन्ही आले. ‘भूमिका’साठी राष्ट्रीय पुरस्कार, पुढे १९८१ च्या ‘चक्र’साठी दुसरा. त्याच ‘चक्र’ची जाहिरात करताना तिचं आंघोळीचं दृश्य पुढे केलं गेलं आणि तिने त्यावर उघड नाराजी दाखवली. आमच्याकडच्या मतांच्या इतिहासात या पोस्टरला महत्त्व आहे. झोपडपट्टीतल्या बाईची कहाणी बघायला गेलेला आणि ते पोस्टर बघून गेलेला, असे दोन प्रेक्षक एकाच खेळाला शेजारी शेजारी बसले होते. बाहेर पडताना त्यांचं एकमत होणं शक्यच नव्हतं.

‘जैत रे जैत’बद्दल शहरातला माणूस गाण्यांवरून बोलतो. ना. धों. महानोरांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत. ते साहजिकच आहे. पण इगतपुरी, त्र्यंबककडचा माणूस वेगळं बोलतो. गोष्ट ठाकर आदिवासींची आहे आणि ठाकर त्याच्या शेजारचे. डोंगर चढताना ही बाई कशी चालते, लुगडं कसं खोचते, नायक नाग्याशी बोलताना मान कशी वर ठेवते, इकडे त्याची नजर असते. ‘पुण्यात शिकलेली पोरगी वाटत नाही’ हे त्याचं प्रशस्तिपत्र. अभिनयाबद्दल याहून नेमकं बोलायला पुष्कळ शिकलेल्यांनाही जमत नाही.

मग येतं १९८२. सगळ्या वादाचं मूळ या एका वर्षात आहे. ‘उंबरठा’, ‘अर्थ’, ‘बाजार’, ‘नमक हलाल’, ‘शक्ती’ हे सगळे त्याच वर्षी. मेन रोडच्या बाजूला विजयानंद, अशोक स्तंभावर सर्कल अशी एकपडदा थिएटरं गर्दीने भरायची तो हा काळ. अमिताभच्या चित्रपटाला गेलेल्या पोरांना ही बाई शहरी साडीत, पावसात भिजत, गाण्यावर नाचताना भेटली. त्यांच्या डोक्यात स्मिता म्हणजे ते गाणं. ते चित्रीकरण करून ती फार अस्वस्थ झाली होती असं सांगतात, पण तेव्हा तिकीट काढून बसलेल्याला हे कुठून कळणार? लहान चित्रपट करणारे दिग्दर्शकही नाव असलेल्या चेहऱ्यांच्या मागे लागले म्हणून आपण धंदेवाईक चित्रपटांकडे वळलो, अशी तिची बाजू होती. ‘विकली गेली’ असा शेरा मारणारे आमच्याकडेही होते. मला तो शेरा कधीच पटला नाही. त्या गाण्यामुळे तिचं नाव ज्याला कळलं, त्यातला एखादा तरी पुढे टीव्हीवर ‘उंबरठा’ लागल्यावर उठून गेला नाही, एवढं मला पुरेसं वाटतं.

पण १९८२ ची खरी गंमत बायकांच्या बोलण्यात आहे, आणि ती फारशी लिहिली गेलेली नाही. ‘उंबरठा’तली सुलभा महाजन शिकलेली, वकिलाची बायको. घर, नवरा आणि लहान मुलगी मागे ठेवून ती दूरच्या महिलाश्रमाची अधीक्षक होते. तिथली घाण उपसते, पोळते, परत येते, तर नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली. ‘अर्थ’मध्ये तीच स्मिता ती दुसरी बाई, कविता. म्हणजे एकाच वर्षात जिचा नवरा दुसरीकडे गेला तीही स्मिता, आणि ज्या दुसरीकडे गेला तीही स्मिता. ज्यांनी ‘अर्थ’ आधी पाहिला त्यांचा राग तिच्यावर बसला. पार्टीत नवऱ्याने सोडलेली बायको पूजा दारूच्या भरात सगळ्यांसमोर कविताला बोलते, तो प्रसंग अजून दात-ओठ खात सांगणाऱ्या बायका आहेत. ज्यांनी ‘उंबरठा’ आधी पाहिला, त्यांना कविताचीसुद्धा कीव आली. चेहरा तोच असल्यामुळे एका चित्रपटातली सहानुभूती दुसऱ्यात झिरपली. ही गोष्ट दिग्दर्शकांच्या हातात नव्हती, ती घडली प्रेक्षकाच्या मनात.

‘उंबरठा’वरचा मुख्य आक्षेप एकच असायचा: ‘पोरीला टाकून कशी गेली?’ सासवा हे म्हणायच्या, आणि सुनाही सासूसमोर तेच म्हणायच्या. स्वयंपाकघरात ओट्याशी दोघीच जावा असल्या की मात्र बोलणं बदलायचं. ‘गेली ते बरं केलं’ हे वाक्य त्या काळी हळू आवाजात बोललं गेलं. आता त्याच घरांतल्या नाती विचारतात की पोरगी बापाचीही होती ना, मग त्याला कुणी का विचारलं नाही. चित्रपट तसाच आहे, शेवटही तोच. बोट कुणाकडे जातं ते बदललं.

हे बदलायला टीव्हीने हातभार लावला. १९८४ च्या सुमारास दूरदर्शनचे छोटे प्रक्षेपक गावोगाव बसले आणि जी बाई एकटी थिएटरला जाऊच शकत नव्हती, ती घरात बसून चित्रपट पाहू लागली. मुंबई दूरदर्शनवर शनिवारी संध्याकाळी मराठी, रविवारी संध्याकाळी हिंदी, हे वेळापत्रक घरोघर पाठ होतं. थिएटरमधला क्रम इथे मोडला. आधी गाजलेला, मग समांतर असं काही उरलं नाही. जो लागेल तो. कुटुंब एकत्र बसून पाहणार, मध्येच कुणी पाणी मागणार, लाइट जाणार. घाईघाईची, अर्धवट पाहिलेल्या चित्रपटांवरची मतं याच काळातली, आणि ती फार चिवट निघाली.

१३ डिसेंबर १९८६ रोजी, बाळंतपणानंतर काही दिवसांतच ती गेली. वय ३१. त्यानंतर आलेला ‘मिर्च मसाला’ लोकांनी वेगळ्याच डोळ्यांनी पाहिला, कारण समोरची बाई आता नव्हती. सुभेदाराला नकार देऊन मिरचीच्या कारखान्यात आसरा घेणारी सोनबाई आणि शेवटी बायकांनी त्याच्या तोंडावर भिरकावलेली लाल पूड. उन्हाळ्यात डंकावर मिरचीचं पोतं घेऊन रांगेत उभी राहणाऱ्या, नाकाला पदर लावून खोकणाऱ्या बाईला त्या दृश्याचा अर्थ सांगावा लागत नाही. मूठभर तिखट डोळ्यांत गेलं तर काय होतं, हे तिच्या अंगाला माहीत असतं. आमच्याकडे या चित्रपटाबद्दल वाईट बोलणारं माणूस मला भेटलेलं नाही. आपल्यातून गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये ही रीत त्यामागे थोडी असेलही, पण मुख्य कारण ते शेवटचं दृश्य.

हल्लीच्या पोरांची ओळख फोनवरच्या तुकड्यांतून होते, म्हणजे पुन्हा गाण्यापासूनच सुरुवात. मात्र २०२४ साली ‘मंथन’ची दुरुस्त केलेली प्रत कान महोत्सवात दाखवली गेली आणि जूनमध्ये देशातल्या थिएटरांत पुन्हा लागली. पाच लाख शेतकऱ्यांच्या दोन-दोन रुपयांतून उभा राहिलेला हा चित्रपट. त्यातली बिंदू गुजरातच्या खेड्यातली गवळण, परक्या डॉक्टरशी तुसडेपणाने बोलणारी, दूध घालायला रांगेत उभी राहणारी. पावसातली स्मिता आधी पाहिलेला एखादा कॉलेजातला मुलगा बिंदूपाशी येतो तेव्हा ‘ही तीच का?’ असं विचारतो. हाच प्रश्न त्याच्या आजोबांनी १९८२ साली उलट बाजूने विचारला होता, ‘मंथन’ आधी आणि ‘नमक हलाल’ नंतर बघून. सिन्नर-निफाडकडच्या, पहाटे डेअरीवर दूध घालून आलेल्या माणसाचं बिंदूबद्दलचं मत अजून कुणी नीट विचारलेलं नाही. ते विचारायला हवं.