फळीचं टोक बघा

वखारीत गेलं की आपण फळीची रुंद बाजू न्याहाळतो. रंग, नक्षी, गाठी. घरी स्वतः कप्पा किंवा पाट करणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, की आधी फळीचं टोक बघा. खोड आडवं कापल्यावर दिसणारी वलयं तिथे उघडी असतात, आणि फळी पावसाळ्यात कशी वागेल ते बरंचसं त्यांच्यावरून कळतं.

ओल्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असतं. पेशींच्या पोकळीतलं पाणी आधी उडतं; त्याने वजन घटतं, आकार बदलत नाही. ओलावा ३० टक्क्यांच्या आसपास आला की पेशींच्या भिंतीत मुरलेलं पाणी निघू लागतं आणि लाकूड आक्रसतं. पण सगळीकडे सारखं आक्रसत नाही. सागाचंच घ्या. हिरवं लाकूड पूर्ण वाळेपर्यंत वलयांच्या कडेकडेने ५ ते ६ टक्के आटतं, केंद्राकडून सालीकडे साधारण अडीच टक्के, आणि लांबीत जेमतेम ०.१ ते ०.२ टक्के. केंद्रातून सालीकडे जाणारे पेशींचे पट्टे त्या दिशेला आटणं रोखून धरतात, हे त्यामागचं एक कारण.

बराचसा वाकडेपणा या फरकातून येतो. टोकाला वलयं धनुष्यासारखी आडवी दिसत असतील, तर फळीची सालीकडची बाजू केंद्राकडच्या बाजूपेक्षा जास्त आटते. फळी वाळताना पन्हळीसारखी होते, खोलगट भाग सालीकडे. वलयं उभ्या रेघांसारखी दिसत असतील तर दोन्ही बाजू सारख्याच आटतात, फळी सपाट राहते. शिवाय हालचालही निम्मी. विदर्भातल्या उन्हाळ्यात ८ टक्के ओलाव्यावर आलेली ३०० मिलिमीटर रुंद सागाची फळी कोकणातल्या पावसात १६ टक्क्यांवर गेली, तर आडव्या वलयांची सुमारे साडेचार मिलिमीटर फुगेल, उभ्या वलयांची दोनच. साडेचार मिलिमीटर म्हणजे खण जागचा हलणार नाही.

ज्या फळीत खोडाचं केंद्रच आलं आहे, ती तशीच वापरू नका. केंद्राजवळचं लाकूड झाड कोवळं असतानाचं. त्याच्या पेशीभिंतींतले सेल्युलोजचे धागे बरेच तिरके असतात, म्हणून ते लांबीतही आटतं. फळीच्या एका कडेला असं लाकूड आणि दुसऱ्या कडेला पक्कं लाकूड असेल, तर ती तलवारीसारखी वाकते. गंमत म्हणजे खोडाच्या मधोमध निघालेल्या याच फळीत केंद्राच्या दोन्ही बाजूंना वलयं उभी असतात. मधली पट्टी करवतीने काढून टाकली की दोन अरुंद, पण फार गुणी फळ्या हाती येतात.

जात महत्त्वाची आहेच. साग आणि शिवण कमी हलतात, म्हणून त्यांना मान आहे. तरी कोवळ्या झाडाच्या, नीट न मुरलेल्या, म्हणजे पुरेशा न वाळलेल्या सागापेक्षा मी चांगली मुरलेली, उभ्या वलयांची साधी फळी घेईन.

मग फळी डोळ्यासमोर धरून कडेने एक डोळा मिटून बघा. बाक आणि पीळ दोन्ही दिसतात. रेषा कडेला समांतर धावतात का तेही बघा. तिरक्या रेषांची फळी पिळण्याची भीती जास्त.

घरी आणल्यावर लगेच रंधा मारू नका. खाली-वर सारख्या जाडीच्या पट्ट्या देऊन, वारा खेळेल अशी, ज्या खोलीत वस्तू राहणार तिथेच ठेवा. दर तीन-चार दिवसांनी एखादा तुकडा स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. वजन बदलायचं थांबलं की लाकूड त्या घरच्या हवेशी जुळलं. पॉलिश मात्र दोन्ही बाजूंना सारखंच द्या. भिंतीकडची बाजू कोरी राहिली तर ती पावसात आधी फुगते, आणि इतक्या निगुतीने निवडलेली फळीही वाकते.