नशेच्या पायऱ्यांची इंग्रजी शब्दावली

दारू कितपत चढली आहे हे सांगण्यासाठी महाविद्यालयीन विद्यार्थी जे इंग्रजी शब्द वापरतात, त्यांचा हा समूह आहे. नागपूरच्या वसतिगृहांत नागपुरी मराठी, हिंदी आणि इंग्रजी एकाच वाक्यात नांदत असल्याने हे शब्द तेथे मूळ रूपात क्वचितच राहतात.

अंग जरा हलके वाटू लागले की ‘बझ्ड’, जीभ आणि पाऊल किंचित सैल झाले की ‘टिप्सी’, तोल उघडपणे जाऊ लागला की ‘ड्रंक’ हा सर्वसाधारण क्रम होय. त्यापुढील ‘हॅमर्ड’, ‘स्मॅश्ड’, ‘वेस्टेड’ यांना निश्चित क्रम नाही; ठोकणे, फोडणे, वाया घालवणे अशा क्रियापदांपासून ते घडलेले असून त्यांत पिणारा हा आघात सोसणारा ठरतो. अशा शब्दांची इंग्रजीत कधीच वाण नव्हती. बेंजामिन फ्रँक्लिन यांनी १७३७ मध्ये ‘पेनसिल्व्हेनिया गॅझेट’ या आपल्या वृत्तपत्रात छापलेल्या यादीतच दोनशेहून अधिक प्रयोग आढळतात.

मराठीची घडण वेगळी आहे. येथे दारूच ‘चढते’ आणि ‘उतरते’, म्हणजे कर्तेपण दारूकडे जाते आणि माणूस चतुर्थी विभक्तीत उरतो: ‘त्याला चढली’, नागपुरीत ‘त्याले चढली’. माणसाची अवस्था सांगायला टुन्न, तर्र, झिंगलेला आणि हिंदीशी सामायिक असलेला टल्ली हे शब्द आहेत, आणि ‘टाइट झाला’, ‘आउट झाला’ हे प्रयोग त्यांच्याच पंगतीत बसले आहेत. यांपैकी ‘टाइट’ हा इंग्रजीत आता जुनाट वाटणारा अर्थ नागपुरात मात्र रोजच्या बोलण्यात टिकून आहे, ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. ‘पिस्ड’ या शब्दाने ब्रिटिश माणूस नशा सुचवतो, तर अमेरिकी माणूस राग.

कायदा शब्दांवर चालत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक अल्कोहोल असताना वाहन चालवणे गुन्हा आहे, आणि स्वतःला फक्त ‘टिप्सी’ समजणारा विद्यार्थीही ही मर्यादा ओलांडून गेलेला असू शकतो.

‘ब्लॅकआउट’ आणि ‘पास आउट’ यांची सरमिसळ सर्वांत घातक आहे. ब्लॅकआउटमध्ये माणूस चालतो, बोलतो, कधी गाडीही चालवतो, परंतु मेंदूत नव्या आठवणी साठत नसल्याने सकाळी त्याला त्यातले काहीच स्मरत नाही. पास आउट म्हणजे शुद्ध हरपणे. भारतात पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्यालाही ‘पासआउट’ म्हणत असल्याने या शब्दाची धार बोथट झाली आहे. शुद्ध हरपल्यावरही पोटातील अल्कोहोल रक्तात मिसळत राहते आणि उलटी श्वासनलिकेत अडकू शकते. म्हणून अशा मित्राला ‘झोपू द्या’ म्हणून एकटे न सोडता कुशीवर वळवून, जवळ थांबून, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी लागते.