कुलमुखत्यारपत्र : एका गैरसमजाने घेरलेल्या कागदाची पार्श्वभूमी

मराठवाड्याला मुखत्यारनामा, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार दुसऱ्याला (मुखत्याराला) देणारा कागद, नवा नाही. निजामी राजवटीत कचेरीची भाषा उर्दू होती आणि ‘मुख्तार-ए-आम’ (सर्वसाधारण कामांसाठी) व ‘मुख्तार-ए-खास’ (ठरावीक कामापुरता) हा भेद तिथूनच आपल्याकडे रुळला. 1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि 1951 मध्ये भारतीय करार कायदा इथे लागू झाला. व्यवहार नव्या कायद्याखाली गेला, शब्द मात्र जुनेच राहिले.

त्यांतला ‘कुलमुखत्यारपत्र’ हा शब्द सर्वांत फसवा. यातला ‘कुल’ अरबी असून त्याचा अर्थ ‘सर्व’ एवढाच आहे. परंतु 1950 च्या हैदराबाद कूळ कायद्याने ज्या प्रदेशात जमिनीची मालकी पालटली, तिथे ‘कुल’ हा शब्द ‘कूळ’ असाच ऐकू येतो आणि सही केली की जमिनीवर दुसऱ्याचा हक्क लागेल अशी धास्ती वाटते. ‘कुल’ म्हणजे घराणे असे धरले, तर उलटा समज होतो : थोरल्या मुलाला हा अधिकार जन्मानेच आहे, मग कागद कशाला? दोन्ही समज चुकीचे आहेत. मुखत्यार मालक होत नाही. आणि वडिलांच्या एकट्याच्या नावावरील खात्यातून पैसे काढण्याचा किंवा त्यांचे शेत विकण्याचा अधिकार मुलाला नात्यामुळे मिळत नाही. शिवाय ‘सर्व अधिकार’ असे मोघम लिहून भागत नाही, कारण न्यायालये हा कागद काटेकोरपणे वाचतात. विक्रीचा अधिकार द्यायचा असेल तर तो स्पष्ट लिहावा लागतो.

भीतीला आधार नव्हता असे नाही. खरेदीखत टाळून केवळ मुखत्यारपत्रावर जमिनी आणि भूखंड ‘विकण्याची’ वहिवाट देशभर पडली होती. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये ठामपणे सांगितले की अशा कागदाने मालकी हस्तांतरित होत नाही. त्याच निकालात पती-पत्नी, मुले, भावंडे यांना आपले व्यवहार पाहण्यासाठी दिलेली खरी मुखत्यारपत्रे वैध राहतील असेही म्हटले आहे. दुर्दैवाने गावोगावी निकालाचा पहिला अर्धा भागच पोहोचला. ऊसतोडीसाठी किंवा नोकरीसाठी सहा-सहा महिने घराबाहेर राहणाऱ्यांनी मागे राहिलेल्या भावाला किंवा पत्नीला नेमक्या कामापुरते खास मुखत्यारपत्र द्यावे, इतका साधा उपयोग त्यामुळे मागे पडला.

खरी उणीव कायद्यातच आहे. करार कायद्याच्या कलम 201 नुसार, देणाऱ्याचा मृत्यू झाला किंवा त्याची मानसिक क्षमता गेली की मुखत्यारी संपते. म्हणजे पक्षाघाताने माणूस बेशुद्ध पडतो, तेव्हाच कागद निकामी होतो. इंग्लंडमध्ये 1985 साली क्षमता गेल्यानंतरही टिकणारे मुखत्यारपत्र आले आणि 2005 च्या कायद्याने त्यात उपचारविषयक निर्णयांचाही समावेश केला. भारतात मालमत्तेसाठी तशी तरतूद अद्याप नाही. इथे जे आहे ते तुकड्यातुकड्याने आले. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक आजारातील उपचारांबाबत आगाऊ सूचना लिहिण्याची आणि प्रतिनिधी नेमण्याची सोय केली. असाध्य आजारात कृत्रिम उपचार थांबवण्याविषयीचे इच्छापत्र 2018 च्या निकालाने मान्य झाले. 2023 मध्ये त्याची प्रक्रिया सुलभ होऊन दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर ते होऊ लागले.

आगाऊ सूचना, उपचार थांबवण्याविषयीचे इच्छापत्र आणि मर्यादित मुखत्यारपत्र हे कागद शुद्धीत असतानाच करता येतात, आणि शुद्धीत असेपर्यंत साधारणपणे रद्दही करता येतात. ज्यांनी काहीच केले नाही, त्यांच्या कुटुंबाला कोमातील रुग्णाची जमीन किंवा ठेव उपचारासाठी वापरायची तर पालक नेमून घेण्यासाठी उच्च न्यायालयात रिट अर्ज करावा लागतो.