कुरमुरे तेच, पाक वेगळा

“आत्या, लाडू कडक आणि ही वडी मऊ का गं?” ऐरोलीच्या घरी पुतणीच्या एका हातात गुळाचा लाडू होता, दुसऱ्यात मार्शमॅलोची वडी. कुरमुरे एकाच पुड्यातले. मला तिचा प्रश्न फार आवडला, कारण त्याचं उत्तर पाण्यात आहे.

गुळाचा पाक उकळताना पाणी उडत जातं, तसा तो जास्त तापतो. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून गोळी वळते का, हे आजी बघायची, म्हणजे ती पाणीच मोजत होती. १२१ ते १३० अंश सेल्सिअसला टणक गोळी होते, तेव्हा पाकात जेमतेम ८ टक्के पाणी उरतं. म्हणून लाडू दातांखाली वाजतो.

मार्शमॅलोत याच्या साधारण दुप्पट पाणी असतं, शिवाय साखर, ग्लुकोज सिरप, जिलेटिन (प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून मिळणारं प्रथिन) आणि फेटून कोंडलेली हवा. सिरपमुळे साखरेचे खडे जमत नाहीत. जिलेटिनच्या रेणूंचे धागे गारव्यात एकमेकांना पीळ घालून जाळं विणतात आणि ३५ अंशांच्या आसपास सुटतात, म्हणजे आपल्या तोंडातल्या उबेनेही. त्यामुळे या वड्यांना ओव्हन लागत नाही. १९३९ मध्ये अमेरिकेत केलॉग्ज या न्याहारीचे पदार्थ बनवणाऱ्या कंपनीच्या मिल्ड्रेड डे आणि मलिटा जेन्सन यांनी ही कृती बसवली, तीही गॅसवरचीच.

दीड मोठा चमचा लोणी, १५० ग्रॅम मार्शमॅलो, ३ कप कुरमुरे. लोण्यात मार्शमॅलो वितळवून कुरमुरे मिसळायचे. आच मंदच हवी. मी पहिल्या खेपेला ती वाढवली, पाणी उडालं आणि वड्या दगडासारख्या झाल्या. शाकाहारी मार्शमॅलोत जिलेटिनऐवजी आगर, म्हणजे समुद्री शेवाळापासूनचा घट्ट करणारा पदार्थ, असेल तर मात्र धीर धरा. आगरचं जाळं ८५ अंशांच्या आसपास सुटतं.

आता पावसाळा. खाडीवरून दमट वारा येतो आणि पुडा उघडताच कुरमुरे सादळतात. त्यांतला स्टार्च कोरडा असतो तेव्हा काचेसारखा ठिसूळ असतो, ओल शोषली की चिवट होतो. म्हणून कुरमुरे आधी कढईत परतून घ्यावेत. पण डबा कितीही घट्ट लावला तरी वडीत एक ओलावा आतच असतो. मार्शमॅलोतलं पाणी हळूहळू कुरमुऱ्यांत शिरतं. रविवारी केलेल्या वड्या मंगळवारी कुरकुरीत राहिल्या नव्हत्या. लाडू तेव्हाही वाजत होते.